छातीवरील धोंडा

दुःखी मनुष्य आपले दुःख सांगू लागला म्हणजे बहुधा शरीराच्याच भाषेत बोलतो. कंबर खचली, हातपाय गळाले, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते, असे उद्गार आपल्या खेड्यांतून वारंवार ऐकू येतात. ह्यांस आपण केवळ अलंकार समजतो. परंतु, वाचकहो, असे बोलणाऱ्याकडे नीट पाहावे. त्याचे खांदे खरोखरच वाकलेले असतात व श्वास अर्ध्यावरूनच परततो. तेव्हा रूपक कोणते व वस्तुस्थिती कोणती, हे ठरविणे सोपे नाही.

वॉशिंग्टन शहरी सेंट एलिझाबेथ्स नावाचे मनोरुग्णांचे मोठे इस्पितळ आहे. मॅरियन चेस ह्या नृत्यशिक्षिका बाईंनी १९४२ साली तेथे काम आरंभिले. महायुद्धातून भग्न मनाने परतलेले शिपाई तेथे होते, आणि शब्द हरपलेले इतर रोगीही होते. मनोविकारांवरील आधुनिक औषधांपैकी पहिले, क्लोरप्रोमाझीन, १९५२ च्या सुमारास वापरात आले. म्हणजे तोवर त्याचा आधार नव्हता. चेसबाई वाद्यसंगीत लावून रोग्यांचे रिंगण करीत व ज्याची जी हालचाल दिसे ती स्वतःच्या अंगी घेत. कोणी मुठी आवळून उभा असला, तर त्या मुठी उघडा असे न सांगता त्याही आवळीत. मग हळूहळू हालचाल वाढे, तीतून एखादे चित्र उभे राही व कधी त्या चित्रास शब्दही सापडे. पुढे १९६६ साली अमेरिकेत नृत्योपचारकांची संस्था निघाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा ह्याच बाई होत.

कोणी म्हणेल, ही तर नक्कल झाली. गावातील वेड्याची नक्कल पोरेही करितात! परंतु पोरे त्याला पाहून हसण्यासाठी करितात. बाई त्याच्यापाशी पोहोचण्यासाठी करीत. हालचाल तीच, हेतू निराळा, आणि रोग्याला तो भेद कळतो असे मला वाटते.

खरा नैतिक प्रश्न ह्यापुढेच आहे. दुसऱ्याच्या वाकलेल्या खांद्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाला? ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर त्यांचे काही चुकले नाही. अंगावरची वस्त्रे फाडून व डोक्यावर धूळ उडवून त्यांनी त्याचे दुःख आपल्या देहावर घेतले होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाचा अर्थ त्यालाच शिकवू लागले. आम्ही सांत्वनास जाणारेही हाच अपराध करितो. मीही पुष्कळदा केला आहे. शोकाकुल आईला, 'बाई, हा धोंडा आता टाकून दे,' असे म्हणणे किती सोपे! पण तो धोंडा तिचा आहे. कदाचित गेलेल्या लेकराची तेवढीच खूण तिच्यापाशी उरली असेल.

त्यापेक्षा, धोंडा केवढा आहे, कोठे आहे, हाताने दाखविता येईल काय, असे विचारावे. ती हात छातीकडे नेईल, किंवा नेणारही नाही. न नेला, तर तिच्या शेजारी जमिनीवर बसून राहावे.