वर्गणी कोणाची?

मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आवारात एका काकांनी मला गाठले. हातात प्राणिरक्षण करणाऱ्या एका संस्थेचे पत्रक होते. म्हणाले, "मेळघाटात लेकरं कुपोषणानं मरतात अन् लोक वाघासाठी पैसे देतात. हे देवाला आवडत असेल का?" समाधान होईल असे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

काकांचा राग खोटा नाही. मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ साली देशभर गाजला आणि अजूनही तो संपलेला नाही. पण वाघाचे पैसे थांबवले की ते आपोआप बाळाच्या ताटात पडतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय जंगल राखले जाते ते एकट्या वाघासाठी नव्हे. शहानूरचे पाणी अकोट-अंजनगावकडे येते, ते याच डोंगरांतून.

१९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. त्या सुमारास वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने भारतातील वाघासाठी परदेशांत वर्गणी गोळा केली होती. वाघ कधीच न पाहिलेल्या माणसांनी ती दिली. हे मला मोठे वाटते.

मात्र वर्गणी रुबाबदार प्राण्यालाच सहज मिळते. आपल्या मेळघाटातच रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड राहते. १८८४ नंतर ते कोणाला सापडले नव्हते. नाहीसे झाले असेच अनेकांनी धरले होते. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकन पक्षितज्ज्ञांना ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले. नंतर मेळघाटातही आढळले. दिवसाउजेडी निष्पर्ण फांदीवर बसणाऱ्या या पिंगळ्यासाठी सफारीचे तिकीट कोण काढणार? त्यातून घुबड म्हणजे अपशकुन! प्रभू येशूने मात्र दोन नाण्यांना पाच मिळणाऱ्या चिमण्यांचेच उदाहरण घेतले आणि त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही असे सांगितले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या परिपत्रकात लिहिले होते की, आपल्यामुळे नष्ट होणारे जीव यापुढे आपल्या अस्तित्वाने देवाचा गौरव करू शकणार नाहीत. वाघासाठी राखलेल्या जंगलात पिंगळ्यालाही आसरा मिळाला, हे खरेच.

पण या सर्वांत मोठी वर्गणी कोणी दिली? ज्यांनी गाव दिले, त्यांनी. बोरी, कोहा, कुंड ही मेळघाटातील गावे जंगलाबाहेर अकोटकडे हलवली गेली. पुढे आणखीही गेली. घर, शेत, मोहाची झाडे, पूर्वजांच्या जागा, सारे मागे राहिले. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख रुपये आणि २०२१ पासून १५ लाख असा मोबदला ठरला. स्थलांतर राजीखुशीनेच झाले पाहिजे, असे २००६ चे कायदे सांगतात. तरीही जानेवारी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात पुनर्वसन झालेली काही कुटुंबे जमीन व सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत जंगलात गेली. पोलीस व वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला, माणसे जखमी झाली.

शुभवर्तमानातील विधवेने आपले होते नव्हते ते दानपेटीत टाकले, याचे आपण कौतुक करतो. पण तिने ते स्वतःच्या हाताने टाकले होते. दुसऱ्याच्या हातून ते काढून घेऊन आपण पेटीत टाकले, तर त्याला दान म्हणता येईल का?

पत्रक काका माझ्याजवळच ठेवून गेले. मी ते दोनदा वाचले. वाघाचा फोटो फार देखणा आहे. गाव सोडणाऱ्या माणसांविषयी मात्र त्यात एक ओळही नाही. या रविवारी काका भेटले की, आपण दोघे मिळून त्या संस्थेला पत्र लिहू आणि हेच विचारू, असे मी त्यांना सुचवणार आहे. पैसे उत्तर आल्यावरही पाठवता येतील.