किमती बघणं आता पुरे

बस इथं. मोबाइल खाली ठेव आणि माझ्याकडे बघ. गड्ड्याची जत्रा होऊन उन्हाळा लागला, आणि तुझं तुणतुणं तेच: "सर, स्वस्तातलं हार्डवेअर वॉलेट कुठलं घेऊ?" गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा पोरगा तू. तुला दोन मॉडेलांतला फरक कळत नाही, हे मी खरं मानू? तुला वॉलेट घ्यायचंच नाहीये. किमती बघत बसलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, एवढंच.

क्रिप्टोतले पैसे कुठं आहेत तुझे? अजून एक्स्चेंजवरच ना? का, तर "तिथं सोपं पडतं." वझीरएक्सवर ज्यांचे होते त्यांनाही सोपंच पडत होतं. मुंबईची एक्स्चेंज कंपनी, देशभर नाव. १८ जुलै २०२४ ला तिथून २३ कोटी डॉलरांच्या वर किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि लोकांचं पैसे काढणं बंद झालं. प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात गेलं. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. सव्वा वर्ष! बहिणीच्या लग्नाचे म्हणून ठेवलेले पैसे असे अडकले तर सोयऱ्यांना काय सांगणार आहेस?

"माझे फार नाहीत सर," म्हणे. दीड लाख फार नाहीत? विडी घरकुलात राहून, विड्या वळणाऱ्या आईच्या पोरानं हे बोलावं? नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस निमूट भरतोस. तिथं घासाघीस नाही. रखवालीवर, चावी आपल्याच हाती ठेवणाऱ्या उपकरणावर, एकदाच खर्च करायचा म्हटलं की लगेच खिशाला हात लावून बघतोस.

स्वस्त म्हणजे तरी काय, ऐक. लेजरचं नॅनो एस प्लस २०२२ मध्ये आणि ट्रेझरचं सेफ ३ २०२३ मध्ये बाजारात आलं, दोन्ही ७९ डॉलरला. तेव्हाच्या दरानं साडेसहा हजारांच्या आतबाहेर, वर जकात आणि टपाल. दोन्हींत सुरक्षेची वेगळी चिप आहे. ट्रेझरच्या जुन्या मॉडेलांत ती नव्हती. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या तज्ज्ञांनी दाखवून दिलं की तसं उपकरण पंधरा मिनिटं हाती आलं, तर आतली गुप्त चावी काढता येते. म्हणजे हजार-दोन हजार वाचवायला जुनं मॉडेल घ्यायचं नाही. झाली निवड! यात महिनोन् महिने घालवण्यासारखं होतं काय?

आणि तो "ओळखीच्याकडून, वापरलेलं, निम्म्या किमतीत" हा विचार आत्ताच सोड. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीनं एक नकली ट्रेझर उघडून बघितलं. खोक्यावरचं सील शाबूत, वरून सगळं अस्सल. आतली चिप बदललेली. पैशांची चावी असलेले नवे शब्द म्हणून ते जे देत होतं, ते चोरांनी आधीच ठरवून ठेवलेल्या वीस संचांतले. मालकानं हौसेनं पैसे भरले आणि ते गेले. उपकरण बनवणाऱ्याकडूनच किंवा त्यानं नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यायचं. खोक्यात शब्द लिहिलेला कागद आधीच निघाला, तर परत पाठवायचं. शब्द तुझ्यासमोर, उपकरणाच्या पडद्यावरच उमटले पाहिजेत.

शब्दांवरून आठवलं. मोबाइलमधल्या वॉलेटच्या बारा शब्दांचं काय केलंस? फोटो काढलास. आणि तो व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवलास! अरे, ते शब्द ज्याच्या हाती, पैसे त्याचे. पिन लागत नाही, सही लागत नाही, तू लागत नाहीस. हे तुला माहीत नव्हतं का? माहीत होतं. "नंतर डिलीट करतो" म्हणालास. आता डिलीट करूनही भागणार नाही. ते शब्द वाया गेले, नव्या उपकरणात ते घालायचे नाहीत. नवे घ्यायचे, कागदावर हातानं लिहायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथंच तू चुकणार आहेस. वझीरएक्समधली चोरी ज्या व्यवहारातून झाली, त्यावर सह्या करणाऱ्या त्यांच्या माणसांच्या हातात हार्डवेअर वॉलेटच होती. कंपनीच तसं सांगते. कॉम्प्युटरवर दिसत होतं एक आणि सही झाली भलत्यावरच. तुझी आई विड्या देताना मोजून देते, वहीत आकडा चढलेला बघितल्याशिवाय तिथून हलत नाही. आणि तू तिचा शिकलेला मुलगा, अटींचं पान न वाचता "मान्य" दाबणारा! पैसे पाठवताना उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघशील? की तिथंही "बरोबरच असेल" म्हणून बटण दाबशील? तसं करणार असशील तर साडेसहा हजार कशाला घालवतोस?

आज रात्री ऑर्डर टाक. आलं की आधी पाचशे रुपयांचंच पाठव. मग उपकरण पूर्ण पुसून टाक आणि कागदावरच्या शब्दांवरून पुन्हा उभं कर. ते पाचशे परत दिसले तरच बाकीचे हलव. कागदाच्या दोन प्रती कर, दोन वेगळ्या घरांत ठेव. आणि एक प्रत कुठं आहे ते बहिणीला सांग. उद्या तुला काही झालं तर तिनं कुणाला विचारायचं?