कच्चा दोरा

लखनौच्या महानगर भागात, गोल मार्केटजवळ, एक मराठी कुटुंब राहत होतं. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज सुरू केलं, त्यानंतर गाणं शिकायला महाराष्ट्रातून जे तरुण आले, त्यांत या घरचे पणजोबा होते. ते परत गेलेच नाहीत. पुढं घरातलं गाणं मागं पडलं आणि चौथ्या पिढीतल्या मुलीला घोड्याचा नाद लागला. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत फवाद मिर्झानं घोडेस्वारीच्या इव्हेंटिंग या प्रकारात वैयक्तिक रौप्यपदक जिंकलं. घोडेस्वारीतलं असं वैयक्तिक पदक भारताला तब्बल ३६ वर्षांनी मिळालं होतं. तेव्हा ही मुलगी लहान होती. पण त्या दिवसापासून तिच्या वह्यांत घोड्यांशिवाय दुसरं चित्र दिसेना.

सोळाव्या वर्षी ती आजोबांबरोबर रोज पहाटे निशातगंजचा पूल ओलांडून, हजरतगंजवरून छावणीच्या बाजूला शिकायला जाऊ लागली. शिकवणारे गृहस्थ रिसाल्यातून निवृत्त झालेले दफादार होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. वर्षभरात मुलीची मांड पक्की झाली आणि उस्ताद म्हणाले, "आता अडथळ्यावरून उडी."

घरी हे कळताच आईनं अट घातली. "आधी अंगावर संरक्षण, मग उडी."

हवेनं फुगणाऱ्या जॅकेटाबद्दल तिनं ऐकलं होतं. त्यावरून घरात तीन मतं झाली. आईला सगळ्यांत महाग, सेन्सरवर चालणारं जॅकेट हवं होतं. बाबा म्हणाले, "मोटारसायकलवाल्यांचं स्वस्त मिळतं, तेच घेऊ. पडणं ते पडणंच." मुलीला मात्र कुठलंच नको होतं. "ते घालून उडी मारली की सगळे मला भित्री म्हणतील."

आजोबांनी तिला जवळ बसवलं. "अगं, १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफजलखानाला भेटायला गेले, तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं आणि मंदिलाखाली लोखंडी टोप. त्यांना कोणी भित्रं म्हटलं का? पुढं काय होऊ शकतं याचा विचार करून निघणं हाही शौर्याचाच भाग आहे, बाळा."

मुलगी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सगळं घर उस्तादांपुढं उभं राहिलं. "तुम्हीच सांगा, कोणतं घ्यायचं?"

उस्तादांनी आधी एक जुनं जॅकेट आणून दाखवलं. त्याच्या छातीशी कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी होती आणि तिथून निघालेली एक दोरी खोगिराला अडकवायची होती. स्वार खोगिरावरून फेकला गेला की दोरीला हिसका बसतो, सुई नळकांडीला भोक पाडते आणि सेकंदाच्या लहानशा अंशात मान, पाठ, बरगड्या आणि माकडहाडाभोवती हवेची गादी तयार होते. थोड्या वेळानं ती आपोआप बसते. नवी नळकांडी बसवली की जॅकेट पुन्हा वापरता येतं. ही कल्पना मूळची मोटारसायकलस्वारांसाठीची. हंगेरीच्या तमाश श्ट्रौब यांनी १९७६ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

"मग मी म्हणतो तेच घ्यायला काय हरकत आहे?" बाबांनी विचारलं.

"दुचाकीवरून पडणं वेगळं, घोड्यावरून पडणं वेगळं," उस्ताद म्हणाले. "घोडा उंच असतो, आणि कधीकधी तो वरून अंगावरही येतो. सेन्सरचं जॅकेट तर ज्या पडण्यासाठी बनवलं असेल, तेच पडणं ओळखतं. म्हणून घोडेस्वारीसाठीच बनवलेलं आणि त्यासाठीच तपासलेलं घ्यावं. आणि एक लक्षात ठेवा, हे जॅकेट तिसरं. पहिली स्वाराची मांड, दुसरं डोक्यावरचं हेल्मेट. जॅकेट डोकं वाचवत नाही. त्याच्या आत फोमचं कवचही हवं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत क्रॉस-कंट्रीला, म्हणजे मोकळ्या रानातल्या उड्यांच्या फेरीला, नुसतं हवेचं जॅकेट चालत नाही, ते त्या कवचावरूनच घालावं लागतं."

आजोबांनीही थोडं वाचलं होतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इव्हेंटिंगमधल्या पडण्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. हवेचं जॅकेट घातलेल्या स्वारांत गंभीर इजा कमी आढळल्या नव्हत्या, उलट त्यांची शक्यता अधिकच दिसली होती. ते ऐकून आई घाबरली. "म्हणजे जॅकेट वाईट?"

"नाही, बहनजी. आकड्यांमागचं कारण मला सांगता येणार नाही. कदाचित हे जॅकेट घालणारे स्वार अवघड उड्या मारणारेच असतील. पण जॅकेट आहे म्हणून स्वार बेफिकीर झाला तर ते नसलेलं बरं, एवढं मी पागेत पाहिलं आहे. म्हणून जॅकेट निवडण्याआधी मला बिटियाची परीक्षा घ्यायची आहे."

त्यांनी शिवणाच्या रिळाचा कच्चा दोरा घेतला. त्याचं एक टोक खोगिराच्या कडीला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला छोटा हूक लावला. "घोड्यावर बसलीस की हा हूक कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा. उतरण्याआधी काढायचा. अडकवायला विसरलीस किंवा न काढता उतरलीस तर चूक. सलग वीस दिवस एकही चूक नको. चुकलीस की मोजणी पुन्हा एकपासून, आणि त्या दिवशीची लीद तू काढायचीस."

मुलीला हे सोपं वाटलं. पहिल्याच दिवशी ती टुणकन उतरली आणि दोरा तटकन तुटला.

"हे खरं जॅकेट असतं तर?" उस्तादांनी विचारलं. "मोठा आवाज झाला असता, घोडा बिथरला असता, आणि तुझा एक पाय अजून रिकिबीत असता."

चौथ्या दिवशी ती हूक अडकवायला विसरली. अकराव्या दिवशी मैत्रिणीनं हाक मारली, ती बोलता बोलता उतरली आणि दोरा पुन्हा तुटला. लीद काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच संध्याकाळी तिनं स्वतःसाठी एक क्रम ठरवला. आधी हेल्मेटचा पट्टा, मग मांड, मग रिकीब, मग हूक. उतरताना आधी हूक, मग बाकी सगळं. क्रम पुरा होईपर्यंत कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. त्यानंतर दोरा तुटला नाही.

त्याच पागेत आणखी एक मुलगा शिकत होता. त्याच्या वडिलांनी परदेशातून भारी जॅकेट मागवलं होतं. त्याला दोरी नव्हती, सगळं काम सेन्सर करणार होता. मुलगा म्हणायचा, "माझ्यात विसरण्यासारखं काही नाहीच." एका सकाळी त्याचा घोडा अडथळ्यापुढं थबकला आणि त्याची छाती अडथळ्याच्या दांडीवर आपटली. जॅकेट फुगलंच नाही. रात्री बॅटरी चार्ज करायची राहून गेली होती, आणि जॅकेटवरचा दिवा विझलेला आहे हे कोणी पाहिलं नव्हतं. त्याच्या दोन बरगड्यांना तडे गेले.

उस्ताद त्याला रागावले नाहीत. त्याच्या वडिलांना ते एवढंच म्हणाले, "जॅकेट उत्तमच आहे, साहेब. पण दोरीवाल्याला हूक लागतो, बिनदोरीवाल्याला चार्जिंग लागतं. माणसाकडून काहीच मागत नाही, असं संरक्षण अजून बनलेलं नाही." त्या दिवसापासून पागेत नियम झाला. शेजारच्या स्वाराचा हूक किंवा दिवा, हेल्मेटचा पट्टा आणि खोगिराचा तंग पाहिल्याशिवाय कोणी रिंगणात उतरायचं नाही.

मुलीचे वीस दिवस पुरे झाले. मग खरेदीला वेळ लागला नाही, कारण काय पाहायचं ते आता सगळ्यांना ठाऊक होतं. दोरीचं जॅकेट ठरलं. फोमच्या कवचावर ते चढवून एकदा मुद्दाम फुगवून पाहिलं. गळा आवळला जात नाही ना, श्वास नीट घेता येतो ना, हे तपासलं. रिकिबीत उभं राहिल्यावर दोरी ताणली जाणार नाही, पण उगीच लोंबणारही नाही, अशी तिची लांबी बांधून घेतली. जादा नळकांड्या आधीच घेऊन ठेवल्या. शेवटी उस्तादांनी तिच्या घोडीपासून दूर उभं राहून दुसरी नळकांडी फोडली, मग रोज थोडं जवळ येऊन आणखी एकेक, म्हणजे तो आवाज घोडीच्या कानांना सवयीचा होईल.

हिवाळ्यात एका धुक्याच्या सकाळी घोडी अडथळ्यापुढं घसरली आणि मुलगी खांद्यावर पडली. जॅकेट फुगलं. घोडी दचकली, पण पळाली नाही. मुलगी उठून बसली; कोपर सोललं होतं, आणि खांदा पुढं आठवडाभर दुखला. उस्तादांनी सगळ्यांत आधी हेल्मेट हातात घेतलं. ते दांडीला लागलं होतं, म्हणून वरून धड दिसत असूनही त्यांनी ते बाद केलं आणि नवं घ्यायला सांगितलं. त्या खर्चाबद्दल घरात कोणी एक शब्द काढला नाही.

तात्पर्य : संरक्षणाचं साधन विकत मिळतं, पण संरक्षण रोजच्या सवयीनं मिळवावं लागतं. मुलांसाठी हेल्मेट, जॅकेट, गाडीचा पट्टा जे काही घ्याल ते चांगल्यातलं चांगलं, त्याच कामासाठी बनवलेलं आणि तपासलेलं घ्या. पण ते नीट वापरायची शिस्त त्यांच्या अंगी आधी बाणवा, आणि स्वतःही पाळा.