शस्त्र देणारा हात

राज्यसंस्थेने आपल्या नियमित सैन्याबाहेरील माणसांच्या हाती शस्त्र द्यावे आणि पुढे त्या शस्त्राने अन्याय घडावा, तर त्याचा जाब कोणी द्यावयाचा? शस्त्र चालविणाऱ्याने, की ते देणाऱ्याने? प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथातला वाटतो. परंतु आमच्या खानदेशच्या मातीत तो दोनशे वर्षांपूर्वीच रुजलेला आहे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील किल्ले, घाट व बाजारपेठा यांच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा उभा राहतो. म्हणून त्याचा विचार परक्या देशांच्या उदाहरणांनी न करता येथूनच करावा, असे आम्हास वाटते.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा आणि मधून वाहणारी तापी. या डोंगरांतून जाणाऱ्या वाटांची रखवाली पूर्वापार भिल्ल नाईकांकडे होती. वाटसरू आणि व्यापारी सुखरूप जावेत यासाठी नाईकांना ठराविक हक्क मिळत. गावोगावचा जागल्याही बहुधा भिल्लच असे. म्हणजे ज्याला पुढील काळात ‘लुटारू’ हे बिरुद चिकटले, तोच मुळात रक्षक होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी सत्ता खिळखिळी झाली. १८०२ च्या सुमारास होळकर-शिंदे यांच्या झगड्यात खानदेश उद्ध्वस्त झाला, त्यावर १८०३-०४ चा भीषण दुष्काळ कोसळला आणि नाईकांचे हक्क बुडाले. हक्क बुडालेला रखवालदार ज्या वाटेची राखण करीत होता, त्याच वाटेवर लूट करू लागला. तेव्हा सत्तेने काय केले? पेशव्यांच्या सरसुभेदाराने कोपरगाव येथे भिल्लांना विश्वासाने बोलावून घेतले, पकडले आणि विहिरींत ढकलून दिले. चाळीसगाव, धरणगावकडेही अशाच कत्तली झाल्याची नोंद आहे. स्वकीयांच्या राज्यातील हे पान आपल्याकडे फारसे उघडले जात नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

शस्त्रधारी मनुष्य रक्षक की बंडखोर, हे पुष्कळदा त्याच्या कृतीवरून न ठरता दूर कोठे तरी झालेल्या कागदावरून ठरते. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांना दिला. २७ फेब्रुवारीस सर थॉमस हिस्लॉप फौजेनिशी थाळनेरपुढे आला. होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा आणि त्याच्या हाताखालील भाडोत्री अरबांची शिबंदी आत होती. तोफा डागल्यावर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. परंतु आतील दरवाजाशी झालेल्या गोंधळात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिबंदीची सरसकट कत्तल झाली आणि किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आले. तहापूर्वी तो धन्याचा इमानी चाकर होता. तहानंतर तेच इमान गुन्हा ठरले. पुढे ब्रिटिश पार्लमेंटने युद्धातील कामगिरीबद्दल हिस्लॉपचे आभार मानले, तेव्हा थाळनेरच्या कृत्याला आपली संमती समजू नये, अशी पुस्ती त्यास जोडावी लागली. तुळशीराम मामाला तिचा काय उपयोग?

कत्तलीने आणि मोहिमांनी भिल्ल शमले नाहीत. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने निराळा मार्ग धरला. मालेगावच्या पलटणीतील तरुण अधिकारी जेम्स आउट्रम याला १८२५ मध्ये खानदेशात नेमून भिल्लांचीच एक पलटण उभारण्यास सांगितले. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. आउट्रम भिल्लांबरोबर शिकारीस जाई, त्यांच्यात बसेउठे, विनाशस्त्र त्यांच्या वस्तीत शिरे. प्रारंभी मोजके लोक आले. सरकार एकत्र जमवून ठार मारील ही शंका त्यांच्या मनातून जाईना, आणि कोपरगावनंतर ती निराधारही म्हणवत नाही. हळूहळू संख्या वाढत जाऊन सहाशे-सातशेच्या घरात गेली. ही पलटण मालेगावला गेली असता तेथील उच्चवर्णीय शिपायांनी या नव्या सोबत्यांना पानसुपारी दिली, अशी हकिगत आउट्रमच्या चरित्रात येते. शतकानुशतके दूर ठेवलेल्या माणसाला त्या पानाचे मोल किती वाटले असेल! याच धोरणाखाली दुसरीकडे भिल्लांना जमिनी आणि बैल-नांगरासाठी तगाई देऊन शेतीकडे वळविण्यात आले. खानदेशात पुष्कळ अंशी शांतता नांदू लागली. परकी सत्तेचे म्हणून हे श्रेय नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तथापि एवढ्यावर थांबणेही प्रामाणिकपणाचे नव्हे. १८३० मध्ये याच पलटणीला घेऊन आउट्रम डांगच्या जंगलात शिरला आणि तेथील भिल्ल राजांना त्याने नमविले. डोंगराच्या माणसाला डोंगराच्या माणसावर सोडण्यात राज्यकर्त्यांची दुहेरी सोय असते. वाटा ठाऊक असलेला शिपाई मिळतो. आणि मेला तरी रडणारी आई राजधानीत राहत नाही.

या साऱ्या प्रश्नाचे मूर्तिमंत रूप म्हणजे खाज्या नाईक. सरकारी कागदांत त्याचे नाव काजरसिंग असे येते. मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधवा घाटाची रखवाली त्याच्या वडिलांकडे, गुमानसिंग नाईकांकडे होती. ती पुढे त्याच्याकडे आली. सुमारे वीस वर्षे त्याने इमानाने चाकरी केली. नंतर चोरीच्या संशयावरून पकडलेला एक इसम त्याच्या हातून झालेल्या मारहाणीत मरण पावला. खाज्याला दहा वर्षांची सजा झाली. न्याय झाला असे कोणी म्हणेल, आणि मेलेल्या माणसाच्या बाजूने पाहता तो झालाही. पण घाटात कोणाला पकडावे, कसे वागवावे, किती वेळात कोणाच्या स्वाधीन करावे हे या रखवालदाराला कोणी शिकविले होते काय? वीस वर्षे घाट शांत राहतो यावर सरकार संतुष्ट होते. तो कसा शांत राहतो हे विचारण्याची गरज कोणास भासली नाही. मुदतीपूर्वी त्याची सुटका झाली आणि १८५७ मध्ये अडचण येताच त्याच सरकारने त्यालाच पुन्हा त्याच घाटावर नेमले. त्याने मात्र या वेळी बंडाचा झेंडा उभारला. भीमा नाईक त्याला मिळाला, घाटातून जाणारा मोठा खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे लढाई झाली. पकडलेल्या अनेकांना जागीच लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या, स्त्रिया-मुले कैदेत गेली. धरणगावची भिल्ल पलटण त्या धामधुमीत सरकारच्या बाजूने राहिली. १८६० मध्ये खाज्या नाईक विश्वासघाताने मारला गेला. रखवालदार, कैदी, पुन्हा रखवालदार, मग बंडखोर आणि आज स्वातंत्र्यवीर. एकाच आयुष्यावर पाच नोंदी.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘ईश्वरी नगर’ या ग्रंथात सिकंदर आणि एका चाच्याची गोष्ट दिली आहे. पकडलेल्या चाच्याने सम्राटाला सुनावले की, दोघांचा धंदा एकच; एका गलबताचा धनी तो चोर आणि आरमाराचा धनी तो सम्राट. राज्यातून न्याय वजा केला तर उरते ती मोठी लुटारूंची टोळीच, हे त्यांचे म्हणणे होते. यावरून सर्व राज्ये सारखीच असा निष्कर्ष काढणारे चुकतात. निर्दोष माणसाच्या जिवाचे रक्षण करणे हे अधिकारपदावरील व्यक्तीचे कर्तव्य आहे, अशीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. लूकच्या शुभवर्तमानात योहानाकडे शिपाई येऊन आपण काय करावे असे विचारतात, तेव्हा तो त्यांना शस्त्र टाकावयास सांगत नाही. कोणाला धाकदपटशा करून पैसा उकळू नये आणि आपल्या वेतनात तृप्त असावे, एवढेच सांगतो. वेतनाचा हा उल्लेख आम्हास फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला नियमित वेतन, नेमून दिलेले काम आणि जाब विचारणारा वरिष्ठ आहे, त्यालाच ही आज्ञा पाळता येईल. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड संघटना उभी राहिली, तीही स्वयंसेवकांचीच. पण तिला पुढच्याच वर्षी कायद्याची चौकट मिळाली. नागरिकाने रक्षणाच्या कामी हात देणे मुळात वावगे नाही.

वावगे काय, ते आपल्या शेजारी छत्तीसगडमध्ये दिसले. २००५ मध्ये दंतेवाडा भागात नक्षलवाद्यांविरुद्ध ‘सलवा जुडूम’ सुरू झाले. ही आदिवासींची स्वयंस्फूर्त चळवळ आहे, असे शासन सांगत राहिले. त्याच वेळी त्या तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून बंदुका दिल्या गेल्या. मानधन महिना तीन हजार रुपये. शिक्षण पुष्कळांचे पाचवीपर्यंत. गावे ओस पडली, हजारो माणसे छावण्यांत आली, दोन्ही बाजूंनी हत्या आणि जाळपोळ झाली. कामगिरी फत्ते झाली की ते शासनाचे शिपाई. घरे जळाली की ती जनतेची उत्स्फूर्त प्रतिक्रिया! आम्हास या गोष्टीतील खरे पाप येथे दिसते. उघडपणे दिलेल्या शस्त्राचा हिशेब मागता येतो. धरणगावच्या पलटणीत निदान हजेरीपट होता, गणवेश होता, चुकल्यास शिक्षा करणारा नावानिशी ठाऊक असलेला अधिकारी होता. आमच्या गडचिरोलीत १९९० साली स्थानिक तरुणांतून उभे राहिलेले सी-६० पथकही पोलीस दलाचाच भाग आहे; त्याच्या एखाद्या कृत्याबद्दल वाद झाला तर कोणाकडे बोट दाखवावे हे ठाऊक असते. नामानिराळे राहून दिलेले शस्त्र मात्र देणाऱ्याला निर्दोष ठेवण्यासाठीच दिलेले असते.

काही जण म्हणतील, संकटकाळी हे सारे नियम पाळत बसले तर गाव वाचायचे नाही. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानत नाही. ज्याच्या दारात रात्री बंदूकधारी आले त्याला धीर धरण्याचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु अशा घाईत शस्त्र कोणाच्या मुलाच्या हाती जाते ते पाहावे. निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणाचा मुलगा तीन हजारांवर जंगलात गेला?

५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा नेमणुका घटनाबाह्य ठरवून शस्त्रे परत घेण्याचा आदेश दिला. अल्पशिक्षित आदिवासी तरुणांना अपुऱ्या प्रशिक्षणावर मृत्यूच्या तोंडी देणे हे समतेच्या व जीविताच्या हक्काचे उल्लंघन आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल योग्यच होता. पण तोपर्यंत त्या तरुणांना सारा मुलूख ओळखू लागला होता. बंदूक ठेवून आपल्या गावी परतणे त्यांच्यातील अनेकांना शक्य नव्हते. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा केला आणि त्यांना सहायक सशस्त्र पोलीस दलात सामावून घेतले. त्यांच्या हातात पुन्हा बंदूक आली.