काय कमी केलं?

दिवाळीत पुणे-सोलापूर रस्त्याने येणाऱ्या एस. टी. गाड्यांतून आमच्या लोणी देवकरची शिकायला गेलेली मुले उतरतात. गेल्या दिवाळीला माझा एक जुना विद्यार्थी असाच आला. परीक्षेत नापास झालेला. फराळाकडे न पाहता ओट्यावर बसून राही. त्याच्या वडिलांनी मला गाठले. “मास्तर, आम्ही ह्याला काय कमी केलं?”

मला ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर आठवला. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली निघाली. खानदेशातल्या खात्यापित्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्याच्या कॉलेजात जातो, वडिलांचा पैसा उधळतो, परीक्षेत गटांगळ्या खातो आणि अखेर गावी परततो. प्रथम वाचली तेव्हा मीही त्याला उडाणटप्पूच म्हटले होते.

पण तो काळ पाहावा. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये. खेड्यातल्या कित्येक घरांतून कॉलेजात जाणारा तो पहिलाच मुलगा असे. बापाला पदवी म्हणजे घराण्याचे नाव. मुलाला मात्र आपली बोली नि आपले कपडे तिथे ओशाळे वाटू लागत. शहर आपले होईना, आणि परतल्यावर गावही पूर्वीसारखे वाटेना. पांडुरंगाच्या असमाधानात अशा कित्येकांचे असमाधान मिसळलेले आहे.

म्हणून त्याला सारे माफ आहे काय? मुळीच नाही. घामाचा पैसा उधळणे वाईटच, आणि पांडुरंगही आपले वेडेपण झाकून ठेवत नाही. परंतु त्याची धाकटी बहीण मनी देवी येऊन जाते, तेव्हा घरची सुबत्ता तिला वाचवू शकत नाही. त्याचा शोक वाचताना कळते की, ‘हे सारे कशासाठी?’ हा प्रश्न त्याला चैनीतून सुचलेला नाही.

वाचकहो, बापाचे ऋण मुलाने कष्टाने फेडावे. समाधानाचे सोंग आणून ते फिटत नाही.

मी त्या वडिलांना म्हटले, “कमी काही केलं नाहीत. पण तिथं त्याला कसं वाटतं, हे कधी विचारलंत?”

ते गप्प झाले. मीही गप्प झालो. मुलाला पुण्याला धाडा, हा आग्रह माझाच होता. आणि तो गेल्यापासून हा प्रश्न मीही त्याला विचारला नव्हता. त्या संध्याकाळी पणत्या लागल्यावर मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.