बाभळीखालच्या बाई

वाई तालुक्यातल्या एका माळावर अमावस्येच्या आसपासच्या शनिवारी आकाश बघणारी मंडळी जमायची. पाचसहा जणांचा नाद. वाढता वाढता चाळीसेक माणसं यायला लागली आणि कुरबुरी सुरू झाल्या.

भांडण उजेडाचं होतं. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. तेवढं थांबलं की देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनीही दिसतो; तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. अशा वेळी कोणी नवखा मोबाइलचा दिवा लावून "शनी कुठंय?" करत आला, की सगळ्यांची तपश्चर्या पाण्यात. चहूबाजूंनी ओरडा व्हायचा, "दिवा बंद कर!" तो बिचारा ओशाळायचा आणि पुन्हा फिरकायचा नाही.

मंडळाचे अध्यक्ष शिस्तीचे. त्यांनी वाटेवर नियमांचा फलक लावला. आधी तीन नियम होते, मग प्रत्येक भांडणानंतर एकेक वाढत गेला. अंधारात तो वाचायचा तर दिवाच लावावा लागे. दुसऱ्या हिवाळ्यात माळावर शांतता आली खरी, पण माणसं उरली जुनीच, आणि तीही दरवेळी एखाददुसऱ्यानं कमी.

गावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई पहिल्यापासून येत. त्यांनी स्वस्तातले टॉर्च घेतले, काचांवर लाल जिलेटीन कागद रबरानं बसवला. मंद लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत. गाड्या थांबतात तिथल्या बाभळीला ते टॉर्च टांगून बाई खाली खुर्ची टाकून बसल्या. येईल त्याच्या हातात टॉर्च द्यायच्या, मोबाइल खिशात ठेवायला सांगायच्या, शनी आणि कृत्तिका तिथंच दाखवायच्या. डोळे सरावले की मग पुढं दुर्बिणींकडे धाडायच्या.

अध्यक्ष त्यांचेच विद्यार्थी. त्यांना हे बघवेना. "बाई, तुमचं बघायचं राहून जातंय. फलक आहे की तिथं."

"अरे, काय करू नको हे सांगितलं की माणूस बिचकतो. काय करायचं ते हातात दिलं की तो आपला होतो," बाई म्हणाल्या. मग त्यांनी इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकची गोष्ट सांगितली. त्या मुलाला ऐकू येत नव्हतं. त्याच्या ओळखीच्या एडवर्ड पिगटनं त्याला आपल्या निरीक्षणात सामील करून घेतलं, कुठले तारे बघण्याजोगे आहेत ते सुचवलं. १७८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गुडरिकनं दाखवून दिलं की अल्गोल तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी ठरल्यासारखा मंदावतो. त्याच्यासमोरून एखादी काळोखी वस्तू जात असावी, असाही अंदाज त्यानं मांडला. त्याबद्दल रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं.

पुढच्या अमावस्येला बाभळीखाली अध्यक्ष बसले. तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट कळली, आणि मला ती टॉर्चइतकीच मोलाची वाटते. जुन्यांनाही जागा लागते. रात्रभर शनीच दाखवत बसावं लागलं तर तेही कंटाळून जातील. म्हणून पहिला दीड तास नवख्यांचा ठरला. ज्यांना निवांत मोजमाप करायचं त्यांना माळाचा पलीकडचा कोपरा मिळाला, आणि कोणी नवखा रमला की त्यालाही तिकडची वाट मोकळी राहिली. फलक उतरला.

खुर्च्या घेऊन येणारा टेम्पोवाला त्या हिवाळ्यात तिकडं रमला. एका रात्री तो म्हणाला, "अल्गोल आज बारीक वाटतोय. शेजारचे तारे त्याच्याहून ठळक दिसताहेत."

जुन्यांतल्या कोणाच्याच ध्यानात ते आलं नव्हतं. अध्यक्षांनी आधी नीट बघून घेतलं, मग मंडळाची नोंदवही त्याच्यापुढे धरली. "वेळ लिही. निरीक्षक म्हणून तुझंच नाव घाल."