डाळिंबी जर्सीतले चार सामने

१९४८-४९ सालचा इटालियन लीगचा गुणतक्ता काढला, तर सगळ्यात वर तोरिनोचं नाव दिसतं. युद्धामुळे बंद पडलेली स्पर्धा वगळली तर हे त्यांचं लागोपाठ पाचवं विजेतेपद. क्लबचा इतिहास लिहिताना आपण असे आकडे मांडतो आणि पुढे सरकतो. पण त्या हंगामातले शेवटचे चार सामने कुणी खेळले, हे गुणांच्या रकान्यात लिहिलेलं नसतं. माझ्या मते या क्लबची सर्वांत मोठी कमाई त्या चार सामन्यांत आहे.

तोरिनो हा इटलीतल्या तुरीन शहराचा क्लब, १९०६ साली स्थापन झालेला. जर्सीचा रंग 'ग्रानाता', म्हणजे आपला डाळिंबी. चाळीसच्या दशकातला त्यांचा संघ असा होता की, मे १९४७ मध्ये हंगेरीविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या अकरा जणांत दहा तोरिनोचे होते. घरचं मैदान फिलादेल्फिया. तिथे प्रेक्षकांत बसणारा एक रेल्वे कर्मचारी, ओरेस्ते बोल्मिदा, खेळ थंडावला की तुतारी फुंकायचा. ती ऐकली की कर्णधार व्हालेंतिनो माझ्झोला जर्सीच्या बाह्या वर सारायचा. मग पुढची पंधरा मिनिटं समोरच्या संघाची धडगत नसे. बाह्या सारणं ही किती साधी, घरगुती कृती! भाकरी थापायला बसताना किंवा विहिरीवर पाणी ओढताना माणूस करतो तशी. लोकांना हा संघ आपला वाटला, त्यात या बाह्यांचा वाटा मोठा असावा.

४ मे १९४९. लिस्बनमध्ये बेन्फिकाशी मैत्रीपूर्ण सामना खेळून संघ परतत होता. दाट धुक्यात विमान सुपेर्गा टेकडीवरच्या बासिलिकेच्या मागच्या भिंतीवर आदळलं. एकतीस जण गेले, त्यांत अठरा खेळाडू. एर्नो एर्बश्टाइनही गेले. हा हंगेरियन ज्यू प्रशिक्षक वंशभेदी कायद्यांमुळे इटलीतून परागंदा झाला होता, महायुद्धातून जीव वाचवून पुन्हा याच क्लबकडे आला होता. मृतदेह ओळखायला व्हित्तोरियो पोझ्झो पुढे झाले. त्या दहा जणांना इटलीच्या जर्सीत उतरवणारे प्रशिक्षक तेच.

लीगचे चार सामने बाकी होते. तोरिनोने आपली पोरं, युवा संघ, मैदानात उतरवली. जेनोआ, पालेर्मो, सांपदोरिया आणि फिओरेन्तिना या चौघांकडे अनुभवी खेळाडू हजर होते, नियमही आड येत नव्हता. तरी चौघांनीही आपापले युवा संघच उतरवले.

मी या गोष्टीशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. समोरचा दुबळा झाला की वार करायचा, हे स्पर्धेचं नेहमीचं शहाणपण. इथे चार क्लबांनी ते बाजूला ठेवलं. त्यांनी सामने सोडूनही दिले नाहीत, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. फुकट दिलेला विजय ही दया झाली असती. पोरांपुढे पोरं उभी केली, म्हणजे तुमच्याशी खरंच खेळतो आहोत, असं सांगितलं. तोरिनोच्या मुलांनी चारही सामने जिंकले. वडीलधाऱ्यांची जर्सी अंगात घालून मैदानात जाताना त्या मुलांच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार आला की माझ्या घशात आवंढा येतो.

लीगचं पुढचं विजेतेपद यायला १९७६ उजाडावं लागलं. त्यानंतर आजवर नाही. याच शहरातला युव्हेंतुस करंडकांच्या बाबतीत कितीतरी पुढे गेला. तरी डाळिंबी रंग धरून राहिलेली घराणी तुरीनमध्ये आहेत. दर ४ मेला ती सुपेर्गा चढतात. भिंतीपाशी त्या वेळचा कर्णधार उभा राहतो आणि एकतीस नावं एकेक करून मोठ्याने वाचतो.